रात्री फायली पुसणाऱ्याने सकाळी हिशेब द्यावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोकणातील पतसंस्था, ग्रामपंचायती आणि बागायतदारांच्या संस्था यांच्या संगणकीकरणाविषयी वर्तमानपत्रांत जो मजकूर येतो, तो बहुतेक वेळा नव्या यंत्रणेच्या उद्घाटनाचा असतो किंवा ती बंद पडल्याचा. या दोहोंच्या मधल्या काळात, कार्यालयाला कुलूप लागल्यावर, संगणकावर जी कामे रात्री आपोआप चालतात त्यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्यांतल्या एकाच कामाविषयी, म्हणजे जुन्या फायली पुसून डिस्कवर जागा करून देणाऱ्या छोट्या स्क्रिप्टविषयी, संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांच्या यादीविषयी, हे पत्र आहे. मी गेली अठरा वर्षे देवगड-कणकवली भागात लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो. पुढे जी चूक सांगणार आहे ती दुसऱ्या कोणाची नसून माझी स्वतःची आहे, हे आधीच नमूद करतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सीसीटीव्हीचे चित्रीकरण, स्कॅन केलेल्या पावत्या, रोजचे बॅकअप, प्रोग्रॅमने मागे टाकलेल्या तात्पुरत्या फायली हे सगळे साचत जाते आणि एके दिवशी डिस्क भरून काम थांबते. तसे होऊ नये म्हणून दहा-पंधरा ओळींची एक स्क्रिप्ट लिहून ठेवतात. ठरलेल्या वेळी, बहुधा रात्री दोन-तीनच्या सुमारास, लिनक्सवर क्रॉन किंवा विंडोजवर टास्क शेड्युलर तिला उठवतो, ती ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फायली शोधून पुसते आणि पुन्हा झोपते. लिहायला अर्धा तास लागतो. एकदा बसवली की वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी वळून बघत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आंब्याची खरेदी करणाऱ्या एका संस्थेत मी अशी स्क्रिप्ट बसवली होती. तिथे काट्यावर क्रेट चढला की वजनाची पावती निघते, तिच्यावर बागायतदाराची सही होते आणि ती सहीची पावती स्कॅन करून ठेवली जाते. भर हंगामात दिवसाला पाचशे-सहाशे पावत्या होत. संगणक जुना, डिस्क लहान. म्हणून तीस दिवसांपेक्षा जुन्या पावत्या बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या आणि मग मूळ जागेवरून पुसायच्या, असे दोन टप्प्यांचे काम मी स्क्रिप्टला दिले. ते तीन वर्षे सुरळीत चालले.

चौथ्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधीच्या गडगडाटात, वीज गेली आणि आली. संगणक आपोआप सुरू झाला, पण बाहेरची डिस्क त्याला या खेपेस सापडली नाही. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर जोडली जाते, म्हणजे माउंट होते. डिस्क जोडली गेली नाही तरी ते फोल्डर जागच्या जागी असतेच, फक्त त्यात टाकलेली वस्तू बाहेरच्या डिस्कवर न जाता, संगणकाची स्वतःची यंत्रणा जिच्यावर असते त्या आतल्या डिस्कवर पडते. माझी स्क्रिप्ट त्या रात्रीपासून पावत्या त्या रिकाम्या फोल्डरात उतरवू लागली. अकरा रात्रींत ही आतली छोटी डिस्क (मूळ पावत्यांची डिस्क वेगळी) काठोकाठ भरली. बाराव्या रात्री पावत्या उतरवण्याचा पहिला टप्पा ‘जागा नाही’ म्हणून फसला आणि पुसण्याचा दुसरा टप्पा मात्र बिनबोभाट पार पडला, कारण पहिला फसला तर दुसरा करू नकोस, असे मी तिला कुठेच सांगितले नव्हते. तो संगणक कपाटामागे नुसता फायली वाटत बसलेला असे, त्याच्या पडद्यापुढे कोणी बसत नसे. त्यामुळे त्याची घुसमटही कोणाच्या लक्षात आली नाही.

गणपतीच्या सुटीनंतर एक बागायतदार कॅनिंगच्या आंब्याच्या वजनाची तक्रार घेऊन आले. त्यांची तारीख मेच्या उत्तरार्धातली होती. पावती मिळेना. मधल्या काळात संगणक दोन-चारदा बंद-चालू झाला होता आणि बाहेरची डिस्क पुन्हा नीट जोडली गेली होती. पण तिच्यात ४ मेपर्यंतच्याच पावत्या होत्या. दुपारभर शोधल्यावर मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली: आतली डिस्क शंभर टक्के भरलेली दिसे, पण तिच्यावरच्या सगळ्या फायलींची बेरीज केली तर ती क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही भरेना. बाहेरची डिस्क सोडवून तिच्याखालचे फोल्डर उघडले तेव्हा ५ मे ते १५ मेच्या पावत्या तिथे जशाच्या तशा मिळाल्या. चादरीखाली वस्तू राहावी तशा त्या डिस्कखाली झाकल्या गेल्या होत्या. १६ मेपासून हंगाम संपेपर्यंतच्या पावत्या मात्र गेल्या त्या गेल्याच. संस्थेचे कारकून आणि मी दोघांनी पुढचे सहा-सात रविवार बागायतदारांच्या घरी जाऊन त्यांच्याकडच्या कार्बनप्रती मागून आणल्या आणि पुन्हा स्कॅन केल्या. त्या निळ्या कागदांनी माझी लाज राखली.

डिस्क सुटण्याला मी अपघात म्हणेन, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत असे अपघात होतच राहतात. पण त्यानंतरचे जवळजवळ तीन महिने कोणालाच काही कळले नाही, याचे खापर विजेवर फोडता येत नाही. त्याची कारणे दोन, आणि दोन्ही मी माझ्या हाताने स्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती.

पहिले असे. क्रॉनची जुनी रीत अशी की काम चालताना पडद्यावर जे काही छापले गेले असते ते तो संबंधित माणसाला मेलने पाठवतो. सुरुवातीला मला दररोज पहाटे असा एक मेल येई आणि त्यात एकच तक्रार असे, की ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात शिरायला परवानगी नाही. हे फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर आपोआप तयार होते, त्याचा पावत्यांशी काडीचा संबंध नाही आणि त्यात सामान्य प्रोग्रॅमला शिरता येत नाही हे योग्यच आहे. त्या एका निरुपद्रवी तक्रारीला कंटाळून मी स्क्रिप्टच्या शेवटी ती प्रसिद्ध शेपटी जोडली, जिच्यामुळे चांगले-वाईट सगळे छापील बोलणे डेव्ह-नलमध्ये, म्हणजे तळ नसलेल्या विहिरीत, जाते. खरे पाहता ते एक फोल्डर शोधातून वगळले असते तर काम भागले असते. दाराशी एक कुत्रे उगाच भुंकते म्हणून मी घराचे सगळे दरवाजे-खिडक्या कायमच्या बंद करून घेतल्या.

दुसरे अधिक लाजिरवाणे आहे. कारकुनांना विचारपूस करता यावी म्हणून स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत मी एका मजकूर-फाइलमध्ये तारीख घालून ‘सफाई पूर्ण’ असे लिहिण्याची सोय केली होती. ती ओळ कोणत्याही अटीविना होती. वरती काहीही घडो, ती येणारच. ती फाइल मी सप्टेंबरात उघडली तेव्हा जून, जुलै, ऑगस्टच्या प्रत्येक तारखेपुढे ‘सफाई पूर्ण’ लिहिलेले होते. एकही रात्र चुकली नव्हती. नोंद नसणे वाईट. पण अशी नोंद त्याहून वाईट, कारण नोंद नसती तर निदान कोणाला तरी शंका आली असती.

हे केवळ आमच्यासारख्या आडगावच्या मिस्त्रींच्या हातून होते असा समज नसावा. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात सुमारे ७७ टेराबाइट एवढा मजकूर, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फायली, पुसल्या गेल्या आणि १४ संशोधक-गटांना त्याची झळ लागली. कारण ऐकून मी दोन मिनिटे गप्प बसलो होतो. बॅकअपच्या यंत्रणेत दहा दिवसांपेक्षा जुने लॉग, म्हणजे यंत्रणेने स्वतःच्या कामाच्या लिहून ठेवलेल्या नोंदी, पुसणारी एक स्क्रिप्ट होती. ती सुधारून, जुनी प्रत अजून चालू असतानाच, तिच्या जागी नवी प्रत ठेवली गेली. बॅश हा आज्ञा वाचून पार पाडणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम स्क्रिप्ट एकदम न वाचता जसजसा पुढे जातो तसतशी वाचतो, त्यामुळे मध्येच मजकूर बदलला, ज्या नावांत फोल्डरचा पत्ता साठवलेला असायचा ती नावे रिकामी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायलींवर झाडू फिरला. यंत्रणा पुरवणाऱ्या हेवलेट पॅकार्डच्या जपानी कंपनीने जबाबदारी मान्य केली. झाडू फिरतच राहिला तो दीड दिवसाहून अधिक काळ, ही गोष्ट मला त्या आकड्यांहून जास्त बोचते.

रिकाम्या राहिलेल्या नावाचा हा रोग जुनाच आहे. २०१५ मध्ये स्टीम या संगणक-खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तीत तो आढळला होता. तिथे ‘अमुक फोल्डर, त्याखालचे सर्व’ पुसण्याची आज्ञा होती. ‘अमुक’ रिकामे राहिले की उरते ते नुसते ‘सर्व’. गंमत म्हणावी की काय, त्या ओळीवर लिहिणाऱ्यानेच ‘भीतिदायक!’ अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला होता. भीती वाटली होती तर शेऱ्याऐवजी एक अट लिहायची होती. नाव रिकामे असेल तर जागीच थांब, असे बॅशला सांगायला अर्धी ओळ पुरते.

आता सावधगिरीचा निरोपच पोहोचला नाही तर काय होते ते पाहा. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याने चुकून चालू डेटाबेसचे फोल्डर पुसले. बॅकअप शोधायला गेल्यावर ते रिकामे निघाले. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, म्हणून तो रोज निमूट फसत होता. फसल्याचे मेल त्या यंत्रणेने पाठवले होते, पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने मेल-सर्व्हरने ते दारातूनच परत केले. सुदैवाने सहा तासांपूर्वीची दुसऱ्याच कारणासाठी घेतलेली एक प्रत हाताशी होती. त्यांनी हे सारे लपवून न ठेवता सविस्तर जाहीर केले, म्हणून तर माझ्यासारख्याला ते इथे लिहिता येते.

सरकारी कचेऱ्यांत कागदाच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर नव्हतो, हे मला या निमित्ताने आवर्जून सांगायचे आहे. दप्तर लावण्याची सहा गठ्ठे पद्धत ज्यांनी वापरली त्यांना आठवेल, की नष्ट करावयाच्या कागदांचा गठ्ठाच वेगळा असे. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग, प्रत्येकाची मुदत ठरलेली, आणि मुदत संपली तरी यादी करून, वरिष्ठांची मंजुरी घेऊन मगच कागद नाश पावे. तो कागद काय होता आणि केव्हा गेला हे पुढे कोणी विचारले तर यादी दाखवता येई. हीच कचेरी संगणकावर आली आणि तीच कागदपत्रे रात्री दोन वाजता, कोणत्याही यादीविना, मंजुरीविना, माझ्यासारख्या कंत्राटी माणसाने घातलेल्या ‘तीस’ या आकड्याच्या भरवशावर जाऊ लागली. तो तीस तरी खराखुरा तीस असतो का? फायली शोधणाऱ्या फाइंड या लिनक्सच्या आज्ञेत ‘तीसपेक्षा जास्त दिवस’ असे लिहिले की ती पूर्ण दिवसच मोजते आणि अपूर्णांक सोडून देते. परिणामी फाइल पुसली जाते ती एकतीस दिवस पुरे झाल्यावर. एका दिवसाने बिघडत नाही, पण मुदत किती हे ठरवणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असावे.

मुदतीचा प्रश्न नुसता सोयीचाही राहिलेला नाही. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवणारे आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक-यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. मी पाहिलेल्या कित्येक सफाई-स्क्रिप्ट लॉगही तीस दिवसांनीच पुसतात, कारण कोणीतरी कुठूनतरी तीच ओळ उतरवून घेतलेली असते. किती दिवसांनी पुसायचे हे संस्थेने ठरवून लेखी द्यावे आणि ते देखभाल करणाऱ्याने स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहून ठेवावे, एवढी माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती माझ्याच व्यवसायातल्या मंडळींना. चूक झाली की काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक चुकीला वेगळे असते, आणि ते न ठरवता आपण एकतर सगळीकडे ‘पुढे चल’ असे लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. एखादी फाइल कोणीतरी उघडून ठेवली आहे म्हणून विंडोज ती पुसू देत नाही, ही चूक क्षुल्लक आहे. तिचे नाव टिपावे, ती सोडावी, पुढच्या फाइलकडे जावे, उद्या पुन्हा प्रयत्न होईलच. पण ज्या फोल्डरात पुसायचे तेच सापडले नाही, किंवा ज्या डिस्कवर प्रत उतरवायची ती जोडलेलीच नाही, तर तिथल्या तिथे थांबले पाहिजे, आणि थांबल्याचे ओरडून सांगितले पाहिजे. विंडोजवर स्क्रिप्ट लिहायच्या भाषांपैकी जुन्या व्हीबीस्क्रिप्टमधले ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ आणि पॉवरशेलमधले ‘सायलेंटली कंटिन्यू’ हे, ‘चूक गिळून पुढे चल’ अशा अर्थाचे, दोन शब्दप्रयोग या भेदाचा बळी घेतात. पॉवरशेलमध्ये तर चूक पकडण्यासाठी ट्राय-कॅच लिहिले म्हणजे आपण सुरक्षित झालो असे अनेकांना वाटते, पण तिथल्या बऱ्याच चुका काम न थांबवणाऱ्या प्रकारच्या असल्याने कॅचपर्यंत पोहोचतच नाहीत. चूक झाली की थांब, असे त्या आज्ञेला वेगळे सांगावे लागते. उलट्या दिशेनेही फसगत होते. विंडोजमधली फायलींच्या प्रती करणारी रोबोकॉपी ही आज्ञा काम नीट झाले तरी कित्येकदा १ हा आकडा परत देते, आठ किंवा त्यापुढचा आकडा म्हणजे खरी चूक. हे माहीत नसलेला माणूस रोज खोटी घंटा वाजवून घेतो आणि महिन्याभरात ती घंटाच काढून टाकतो. माझ्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ची कथा तरी दुसरी काय होती?

बाहेरच्या डिस्कसाठी मी आता जे करतो ते इतके साधे आहे की लिहिताना संकोच वाटतो. त्या डिस्कवर एक रिकामी खूण-फाइल ठेवली आहे. स्क्रिप्ट आधी ती खूण शोधते. सापडली नाही तर एकही फाइल न हलवता थांबते. खूण डिस्कवर आहे, फोल्डरात नाही, त्यामुळे डिस्क सुटली की खूणही दिसेनाशी होते. प्रत उतरवल्यावर मूळ आणि प्रत यांचा आकार नि चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, ताडून पाहिला जातो, आणि जुळलेल्या फायलीच पुसल्या जातात. त्याही एकदम पुसल्या जात नाहीत. आठवडाभर एका वेगळ्या फोल्डरात पडून राहतात. एका रात्री नेहमीच्या तिप्पट फायली पुसायची वेळ आली तर स्क्रिप्ट हात आखडता घेते आणि माणसाला विचारते. या शेवटच्या अटीने मला एकदा वाचवले आहे: एका जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली होती, वीज गेल्यावर त्याची तारीख भलतीच झाली, आणि भलत्या तारखेच्या हिशेबाने कालच्या फायलीही जुन्या ठरत होत्या.

विजेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि पावसाळ्यात एरवीही आपल्याकडे रात्रीची वीज किती भरवशाची असते हे वाचकांना मी सांगायला नको. क्रॉनची वेळ वीज नसताना टळली तर तो ते काम नंतर करत नाही. ते सोडूनच देतो. ॲनाक्रॉन हा त्याचा जोडीदार राहिलेले काम पुढे करतो, लिनक्समधल्याच सिस्टमडी या यंत्रणेच्या टायमरला आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरलाही तसे सांगता येते. पण राहिलेल्या कामाची भरपाई चालू असतानाच नेमलेल्या वेळेचे कामही सुरू झाले तर दोन झाडू एकाच खोलीत फिरतात. त्यासाठी एक चालू असताना दुसरे सुरू होऊ नये असे कुलूप घालावे लागते.

लॉग कसा असावा, याविषयी माझे मत थोडे ठाम आहे. पुसलेल्या प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि तिची स्वतःची तारीख एका ओळीत यावी. आणि शेवटी बेरजेची ओळ यावी: किती फायली पाहिल्या, किती पुसल्या, किती सोडल्या, किती फसल्या, मोकळी जागा आधी किती होती आणि नंतर किती झाली. मोकळ्या जागेचे दोन आकडे मी मुद्दाम मागतो. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला असेल तर ती पुसली तरी जागा सुटत नाही. लॉग म्हणतो पुसली, डिस्क म्हणते भरलेली, आणि खरे दोघेही बोलत असतात. ही बेरीज खरोखर मोजून आलेली असावी, माझ्या ‘सफाई पूर्ण’सारखी आधीच छापून ठेवलेली नसावी. लॉग ज्या डिस्कची सफाई चालली आहे तिच्यावर ठेवू नये, कारण ती भरली की सर्वांत आधी लॉगचीच वाचा बसते. आणि लॉगही वाढतोच, म्हणून त्यालाही मुदत घालून द्यावी, इतकेच की ती फायलींच्या मुदतीहून बरीच मोठी असावी.

आपल्या भाषेमुळे येणारी एक अडचण इंग्रजी पुस्तकांत सहसा मिळत नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. आपल्याकडे फायलींना ‘आंबा पावती मे’ अशी, मध्ये मोकळी जागा सोडून, देवनागरी नावे देतात, आणि ती द्यावीतच. पण स्क्रिप्टमध्ये नावाभोवती अवतरणचिन्हे घातली नाहीत तर बॅश त्या एका नावाचे ‘आंबा’, ‘पावती’ आणि ‘मे’ असे तीन तुकडे करून तीन वेगळ्या फायली शोधू लागतो. ‘मे’ नावाचे दुसरेच एखादे फोल्डर तिथे असेल तर पुढचे सांगायला नको. शिवाय क्रॉनमधून चालणाऱ्या कामाला बहुधा भाषेची मांडणी सांगितलेलीच नसते, त्यामुळे रात्री काही फसले की चुकीच्या ओळीत फाइलचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत येत नाही. ‘आ’ या एका अक्षराच्या जागी ३४०, २४४, २०६ असे तीन आकडे उमटतात, आणि अख्खे नाव म्हणजे आकड्यांची आगगाडी होते. कारकुनाला तो लॉग दाखवून काय उपयोग? स्क्रिप्टच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची, म्हणजे देवनागरीही सामावणाऱ्या अक्षर-संकेताची, मांडणी सांगणारी एक ओळ घातली की हा प्रश्न सुटतो.

‘एवढ्याशा कार्यालयाला हा उपद्व्याप कशाला, आणि लॉग वाचणार कोण?’ असे मला हटकून विचारतात. रोज लॉग वाचावा असे मी म्हणत नाही. तो वाचायचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो, आणि त्या वेळी तो असावा लागतो. रोज पाहायची ती फक्त बेरजेची एक ओळ. त्यातही खरी मेख अशी आहे की स्क्रिप्ट चाललीच नाही तर चुकीचा निरोप द्यायलाही कोणी नसते. तेव्हा चूक झाली तर कळव, एवढे सांगून भागत नाही. रोज कळव, आणि न कळवल्यास कोणीतरी विचारपूस करील अशी व्यवस्था कर, असे सांगावे लागते. मोठ्या यंत्रणांत हे पाहायला दुसरा प्रोग्रॅम असतो. आमच्याकडे एक वही आहे.

त्या संस्थेत आता रोज सकाळी कार्यालय उघडल्यावर कारकूनबाई ती बेरजेची ओळ पाहून आवक-जावक रजिस्टरशेजारच्या वहीत चार आकडे लिहितात. हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि सुरुवातीला त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हणून केले असावे. गेल्या जुलैमध्ये एका सकाळी दहाच्या आत त्यांचा फोन आला, की आज ओळच आलेली नाही, वहीतली जागा रिकामी सोडू की शून्य लिहू. मी म्हटले, रिकामी सोडा, येतो. जाऊन पाहिले तर बाहेरच्या डिस्कच्या केबलचे टोक खाऱ्या हवेने हिरवे पडून तुटले होते, स्क्रिप्ट खूण न सापडल्याने जागीच थांबली होती, आणि थांबल्याचा निरोप रात्री नेटवर्क बंद असल्याने माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. केबल तीनशे रुपयांची होती. पावती एकही गेली नव्हती.

आपला नम्र,
संगणक-देखभालीचे काम करणारा एक वाचक,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग